यादीत नसलेली जागा

शास्त्री नगर, जयपूर
२ डिसेंबर २०२४

निलय,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. तो लिहिला आहे असं समज आणि पुढे वाच.

आम्ही सुखरूप पोहोचलो. त्यालाही आता आठ दिवस झाले. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर कळवतोय. माझा उचलत नाहीस ते एक वेळ समजू शकतो, पण तुझ्या आईचाही उचलत नाहीस. ती रोज दुपारी लावते, शेवटपर्यंत वाजू देते, आणि ‘कामात असंल’ म्हणून ठेवते.

सहा वर्षांनी पोटच्या मुलाकडे गेलो आणि सात दिवस हॉटेलात राहून आलो. तू म्हणालास, पप्पा, माझी खोली फार लहान आहे. लेहला एका तंबूत बाराजणांत झोपलेला माणूस आहे मी. लहान खोलीचं मला काय सांगतोस?

तक्रार करत नाही. व्यवस्था चोख होती. ‘ओसाकात पहिल्यांदा येणाऱ्यांनी काय पाहावं’ असा मथळा घालून, मोठ्या अक्षरांत मराठीत टाइप करून, वर प्लॅस्टिक चढवून यादी हातात ठेवलीस. कुठली गाडी, कितवं स्टेशन, कुठल्या दाराने बाहेर पडायचं, सगळं. पलटणीत माझ्या हाताखाली असतास तर शाबासकी दिली असती.

पहिल्या दिवशी किल्ला. खंदक उत्तम, तटाचा एकेक दगड ट्रकएवढा. आणि आत लिफ्ट! साताऱ्याच्या माणसाला तू लिफ्टचा किल्ला दाखवलास. आठव्या मजल्यावरून मी एकटाच शहर पाहून आलो, तुझी आई खाली पिवळ्या पानांच्या झाडाखाली बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शितेन्नोजीचं देऊळ. तळ्यात कासवं आहेत, दगडावर एकमेकांच्या पाठीवर चढून बसतात. तिथली घंटा तुझ्या आईला इतकी आवडली की ती दीड तास हलली नाही. तिसऱ्या दिवशी ते मोठं मत्स्यालय. काचेमागे बसएवढा मासा फिरतो. मी तिला सांगत होतो, आता आला, आता वळला, आता गेला. चौथ्या दिवशी उमेदा भागातली ती उंच इमारत, जिथे सरकता जिना दोन बुरुजांच्या मधून हवेतून जातो. वर गेल्यावर आई म्हणाली, वारं लई ग्वाड हाय.

म्हणजे लोक हौसेने समुद्र ओलांडून जे पाहायला येतात ते आम्ही पाहिलं. तुझं घर पाहिलं नाही. तुझं ऑफिस पाहिलं नाही. तू सात दिवसांत तीनदा भेटलास, एकदा विमानतळावर आणि दोनदा सकाळी हॉटेलात, कॉफीचे कप घेऊन, घड्याळ बघत. शेवटच्या दोन दिवसांत तर फिरकलाही नाहीस. निघताना दारात टॅक्सी आली, तू आला नाहीस.

एक जागा आम्ही यादीबाहेरची पाहिली. हॉटेलात नाशिकचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातल्या मंदाकिनीबाई म्हणाल्या, ‘ओसाकात येऊन दोतोनबोरी नाही पाहिलं? अहो, सगळे आधी तिथेच जातात.’ मी खोलीत येऊन यादी पुन्हा वाचली. नव्हतं. एवढा नीटनेटका मुलगा आपला, एवढी मोठी जागा कशी विसरला, असं वाटलं.

आता वाटत नाही.

हिंदुराव जगदाळे
सुभेदार (निवृत्त)


१९ डिसेंबर २०२४

निलय,

उत्तर आलं नाही. तेव्हा आता सरळ लिहितो.

गुरुवार होता. नुकतंच अंधारलं होतं. कालव्याच्या दोन्ही बाजूंना दिवेच दिवे, दुकानांवर भल्यामोठ्या पाट्या, एका पाटीवर खोलीएवढा खेकडा पाय हलवतो. गर्दी आपल्या जोहरी बाजारात दिवाळीला असते तशी. तुझी आई माझा दंड धरून चालली होती. एका खानावळीच्या दारात कमरेला काळा ॲप्रन आणि डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला एक माणूस उभा होता. हातात पदार्थांच्या चित्रांचा मोठा पुठ्ठा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून, घसा ताणून आत बोलावत होता. कुणी थांबत नव्हतं. तो पुन्हा वाकायचा.

मग तो वळला आणि तो तू निघालास.

तू मला पाहिलंस. नाही म्हणू नकोस. आपल्यात दहा पावलंही नव्हती. तुझा पुठ्ठा धरलेला हात खाली आला आणि दुसरा वर येऊ लागला. छातीपर्यंत आला होता. मी तुझ्या आईला खांद्याला धरून वळवलं आणि चालू लागलो.

मागून तू पुन्हा ओरडायला लागलास. तेच शब्द, गिऱ्हाइकांसाठी. आई थांबली.

‘अवो, आपल्या निल्याचा आवाज न्हवं का ह्यो?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘नीट ऐका की.’

‘तो कुठला इथे? तो ऑफिसात आहे. इथे सगळे असेच ओरडतात. चल.’

ती जागची हलेना. मी ओढलं तिला. हो, ओढलं.

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? तुझ्याजवळ येऊन ‘वा बेटा’ म्हणायला हवं होतं? तुझा टाय घातलेला फोटो मी विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या फॅक्टरीच्या गेटवर, माझ्या सिक्युरिटीच्या केबिनमध्ये लावलाय. मालाच्या गाड्या घेऊन येणारे ड्रायव्हरसुद्धा विचारतात, सुबेदार साहब, ये कौन? मी सांगतो, बेटा है, जापान में इंजिनियर है. परत आलो त्याच दिवशी मॅनेजर योगेशजी म्हणाले, ‘बेटे का ऑफिस देखा?’ मी म्हणालो, ‘देखा. बीसवीं मंज़िल पर है.’ वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माझ्या तोंडून हे निघालं, तुझ्यामुळे.

किती वर्षं चाललंय हे? इंजिनिअर म्हणून पाठवलेला मुलगा दारात उभा राहून लोकांना जेवायला बोलावतो, आणि बापाला फोनवर सांगतो की प्रोजेक्टचं काम फार आहे. तरी म्हटलं, यादीत ती जागा का नाही.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. त्या वेळी तिचं लक्ष त्या खेकड्याकडे होतं. ती खुशाल आहे. फोन करायचा असेल तर तिला कर. माझ्याशी बोलायचं असेल तर आधी खरं काय ते लिहून पाठव.

हिंदुराव


१५ जानेवारी २०२५

निलय,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं. तिचं लक्ष खेकड्याकडे नव्हतं. हे पत्र शेवटपर्यंत वाच, माझ्यासाठी नको वाचूस.

काल संक्रांत होती. सगळं शास्त्री नगर गच्चीवर. शेजारच्या अलकाताईंनी आईला तिळगूळ द्यायला वर बोलावलं, म्हणून मी तिला हाताला धरून जिना चढवला. लाउडस्पीकर, पतंग, ‘वो काटा’चा आरडाओरडा. तिला मी पाण्याच्या टाकीशेजारी खुर्ची दिली. ती तोंड वर करून बसली होती.

मला म्हणाली, ‘किती हाईत?’

‘पुष्कळ. आभाळ भरलंय.’

‘मला तुमचं सांगितल्यालं खरं मानायला लागतंय आता. म्हणून इचारते. त्या दिवशी त्या बाजारात त्यो निल्याच हुता न्हवं?’

मी वर एका पतंगाकडे बघत राहिलो. तीच बोलली.

‘मला कवाच ठावं हाय. दोन वर्सं झाली. कंपनीनं मानसं कमी केली, त्यात त्यो गेला. मग खानावळीत लागला. मला सांगितलं त्यानं. तुमी ड्यूटीवर गेला की फोन करायचा.’

‘आणि मला?’

‘तुमाला न सांगायची शपथ घातली हुती. घालंल न्हाई तर काय. तुमीच म्हनला हुतासा त्याला.’

मी काय म्हणालो होतो ते तुला आठवत असेल. मला काल आठवलं. तू इथल्या कॉल सेंटरची नोकरी सोडून घरी बसला होतास, आणि पलटणीतले माझे दोन दोस्त जेवायला आले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, सांगण्यासारखं काही करशील तेव्हा तोंड दाखव. तू भाजीचं पातेलं घेऊन उभा होतास. ते ठेवलंस आणि आत गेलास. दोस्त हसले, मीही हसलो. माझ्या दृष्टीने ते तिथे संपलं होतं.

मी आईला विचारलं, ‘ठाऊक होतं, मग तिथे रस्त्यात मला का विचारलंस, आवाज त्याचा का म्हणून?’

ती म्हणाली, ‘तुमी काय म्हणतासा ते ऐकाया. म्हटलं, आता ह्यांनी डोळ्यांनी बघितलंय. शिव्या देतील, कायबी करतील, पर पोरापाशी घेऊन तरी जातील. मी थांबले तिथं. दोनदा इचारलं तुमाला. तुमी दोनदा न्हाई म्हनलासा.’

गच्चीवर कुणाचा तरी पतंग कटला. पोरं किंचाळत होती. ती थांबून राहिली आणि आवाज कमी झाल्यावर बोलली.

‘त्यो आता माझाबी फोन घेत न्हाई. अलकाताईंच्या पोरीकडनं फोनात बोलून पाठवलं, तेबी ऐकत न्हाई. का ते कळलं का तुमाला?’

‘लाज वाटत असेल.’

‘माझी कशापायी लाज वाटंल त्याला? मला समदं ठावं हाय. त्यानं मला बघितलं, अवो. त्याला वाटलं असंल, आईनं तोंडाकडं बघितलं आन् पाठ फिरवली. त्याला काय ठावं मला दिसत न्हाई?’

निलय, हे तुला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहितोय. तुझ्या आईला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही. उजव्याने अगदी समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं, तेही भरपूर उजेडात आणि हातभर अंतरावरचं. अंधारात किंवा झगमगाटात तिला सगळं सारखंच. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. म्हणून तू तिकिटं पाठवलीस तेव्हा मी एका शब्दाने हो म्हणालो. तिला तुझं तोंड पाहायचं होतं. विमानतळावर तिने तुझे गाल दोन्ही हातांनी धरून चेहरा अगदी जवळ ओढला होता. तू हसून म्हणालास, आई, लोक बघतात.

तुला सांगायचं नाही हे मी ठरवलं. जयपूरहून निघायच्या आधीच तिला बजावलं, गुडघा दुखतो म्हणून माझा हात धरतेस असं सांगायचं. तिने ऐकलं. मला वाटत होतं, तुला कळलं तर तू एवढी मोठी नोकरी टाकून इकडे येशील. आणि मग मी गेटवर काय सांगणार होतो? हे कारण मी तिला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही बहुतेक सांगितलं नव्हतं.

तर झालं ते असं. तुझ्या आईने तुला पाहिलं नाही. तिला फक्त ऐकू आलास. तिला यायचं होतं तुझ्याकडे. ती थांबली होती. पाठ फिरवली ती मी, आणि तिचीही मीच फिरवली.

मला तू जे काही समजलास ते समज. तिला तसं समजू नकोस. तिचा फोन घे.

तुझे पप्पा


१० फेब्रुवारी २०२५

निलय,

काल सकाळी तुझा फोन आला. नाव मी वाचलं आणि फोन तिच्या हातात दिला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या तोंडावर तिने लावलेलं हे पहिलं दार.

मी स्वयंपाकघरात चहा करत राहिलो. आतून आधी काही ऐकू येईना. नंतर ती रडली. मग बराच वेळ नुसतं ‘हं’, ‘हं’. आणि मग ती हसली. काय सांगितलंस ते मला माहीत नाही. ती हसली ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चहा दोन वेळा गरम केला.

बाहेर आली ती फोन बंद करूनच. मी हात पुढे केला होता. तो तिला दिसला नाही, किंवा दिसला.

मग म्हणाली, ‘मी जाते त्याच्याकडं. खानावळीच्या मालकीणबाईंनी वरची खोली देते म्हटलंय. दुपारच्याला त्यो मोकळा असतो.’

‘एकटी कशी जाशील? दोन विमानं बदलायची.’

‘चाकाची खुर्ची देतात. नेतात बसवून. निल्यानं समदं इचारलंय.’

‘मी येतो ना पोहोचवायला.’

‘न्हाई.’

‘तो नको म्हणाला?’

‘त्यो तुमचं कायबी बोलला न्हाई. मी न्हाई म्हणते.’

एवढं बोलून ती कणीक मळायला बसली. परातीतलं पाणी तिला अंदाजाने कळतं.

तू माझ्याविषयी काहीच बोलला नाहीस, हे तिने मला चांगलं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून, यावर मी आज गेटवर दिवसभर विचार केला. शिव्या दिल्या असत्यास तर त्यात निदान मी असतो.

तिच्या व्हिसाचे कागद उद्या भरतो. तेवढं ती मला करू देतेय.

हिंदुराव


६ मार्च २०२५

निलय,

तुझी आई आज सकाळच्या विमानाने निघाली. हे पत्र मिळेल तेव्हा ती तुझ्याकडे येऊन आठवडा झाला असेल आणि यातलं निम्मं तुला कळलंही असेल. तरी लिहून ठेवतो.

थेंबांच्या दोन बाटल्या आहेत. पांढऱ्या टोपणाची सकाळ-संध्याकाळ, निळ्या टोपणाची फक्त झोपताना. दोन्हींमध्ये दहा मिनिटं जाऊ द्यायची. ती घाई करते, करू देऊ नकोस. चालताना तिच्या डाव्या बाजूला राहा. ताटात भात कुठे आणि भाजी कुठे ते आधी सांग, ती विचारत नाही. जिन्याला पुढे तू, मागे ती, आणि तिचा हात तुझ्या खांद्यावर. तिथल्या सरकत्या जिन्यांची तिला भीती वाटते. मागच्या वेळी मी तिला तसंच रेटलं होतं.

तिला घंटा ऐकायची असेल तर त्या देवळात घेऊन जा. बाकी काही दाखवू नकोस.

विमानतळावर मला दारापर्यंतच सोडलं. आतून एक मुलगी चाकाची खुर्ची घेऊन आली. वीस-बावीस वर्षांची, गळ्यात ओळखपत्र. तिने आईला बसवलं, पायावर शाल नीट केली, आणि फॉर्म काढला. नाव, तिकीट, औषधं, सगळं विचारून झालं. मग माझ्याकडे बघत तिने आईला विचारलं, ‘अम्मा जी, इमरजेंसी में नंबर किसका लिखूँ? ये आपके कौन हैं?’

संक्रांतीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. थेंब द्या, दार लावा, चावी कुठे. त्या मुलीला ती काय सांगते ते मला ऐकायचं होतं, आणि ऐकायचं नव्हतंही. ‘कुणी नाही, सोडायला आलेत,’ म्हणाली असती तर मी ते ऐकून घेतलं असतं. मागे लोकांची रांग होती, गार्ड पुढे चला म्हणून हात करत होता.

‘हमारे मिस्टर हैं,’ ती म्हणाली.

लगेच म्हणाली, निलय. श्वाससुद्धा घेतला नाही मध्ये.

मुलीने पेन माझ्याकडे वळवलं. मी नंबर सांगायला लागलो आणि अर्ध्यावरच थांबलो. तिला वाटलं मी आकडे विसरलो. उरलेले तुझ्या आईने सांगितले. मग खुर्ची आत गेली.

पप्पा